मोबाइलमधलं लग्न टीव्हीखालच्या प्लेअरवर: फुकट सॉफ्टवेअरने डीव्हीडी कशी बनवावी

पेन ड्राइव्हमधली एमपी४ फाइल कोऱ्या डीव्हीडीवर ओढून टाकली, विंडोजने ती राइट केली, लॅपटॉपवर झकास चालली. मग ती घरच्या प्लेअरमध्ये टाकली, तर समोर ‘नो डिस्क’. बहुतेक नवख्यांची गाडी इथेच अडते आणि मग ते डिस्कच्या कंपनीला नावं ठेवतात. पण दोष डिस्कचा नसतो, प्लेअरचाही नसतो. फाइल डिस्कवर कॉपी करणं आणि डीव्हीडी बनवणं ही दोन निराळी कामं आहेत.

डीव्हीडी बाजारात आली १९९६ साली, जपानमध्ये. तिच्या प्लेअरला चित्र समजतं ते एमपेग-२ या पद्धतीनं आवळलेलं. आजचे मोबाइल आणि कॅमेरे वापरतात ती एच.२६४ पद्धत २००३ सालची, आणि एचईव्हीसी तर त्याच्याही दहा वर्षांनंतरची. जुन्या प्लेअरच्या चिपला या पद्धती ठाऊक असायचं कारणच नाही. शिवाय प्लेअर डिस्कवर ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचं फोल्डर शोधतो आणि त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा ठरावीक फाइली. चित्र व्हीओबीमध्ये असतं, कुठे काय आहे याचा नकाशा आयएफओमध्ये, आणि बीयूपी ही त्या नकाशाची राखीव प्रत. ही सगळी मांडणी नसेल तर प्लेअरच्या लेखी डिस्क रिकामी.

विंडोज इथे आणखी एक गोंधळ घालतं. कोरी डिस्क टाकली की ते विचारतं, ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’ वापरायची की ‘सीडी/डीव्हीडी प्लेअरसोबत’? माणूस अर्थातच दुसरा पर्याय निवडतो आणि निर्धास्त होतो. पण त्या पर्यायातही फाइल जशी आहे तशीच डिस्कवर जाते, रूपांतर काहीच होत नाही. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये ‘विंडोज डीव्हीडी मेकर’ नावाचा प्रोग्रॅम होता, तो हे काम करायचा. विंडोज ८ पासून तो काढून टाकला.

आधी एक तपासा: हे सगळं करायची गरज आहे का?

प्लेअरच्या पुढच्या बाजूला यूएसबीचं तोंड आहे का पाहा. ‘डिव्हएक्स’चं चिन्ह आहे का पाहा. असेल तर एक्सव्हिड पद्धतीची एव्हीआय फाइल साध्या डेटा डिस्कवरून किंवा पेन ड्राइव्हवरून चालण्याची बरीच शक्यता आहे. ब्लू-रे प्लेअर असेल, किंवा टीव्ही गेल्या काही वर्षांतला असेल, तर पेन ड्राइव्ह सरळ खोचा. एमपी४ बहुधा तशीच चालेल आणि चित्रही डीव्हीडीपेक्षा चांगलं दिसेल. डीव्हीडीचं चित्र म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपके. मोबाइलच्या १९२० बाय १०८०च्या चित्राला त्यात कोंबल्यावर पाच भागांतला जेमतेम एक भाग उरतो. हे रूपांतर सोयीसाठी आहे, दर्जासाठी नाही.

आणि एखादं चित्रीकरण पोलिसांना किंवा कोर्टात पुरावा म्हणून द्यायचं असेल, तर रूपांतराच्या वाटेला जाऊच नका. तिथे मूळ फाइल जशीच्या तशी लागते. ती डेटा म्हणून कॉपी करा आणि तिच्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राचं वकिलांना विचारा.

तरीही डीव्हीडी लागतेच. आजोबांना रिमोटचं एकच बटण ठाऊक असतं, गावाकडच्या घरात जुना पेटी-टीव्ही अजून उत्तम चालू असतो, आणि मावशीला लग्नाची सीडी ‘हातात’ हवी असते. तिच्या लेखी क्लाउडवरची लिंक म्हणजे काहीच न देणं.

काय काय लागेल

संगणकात डीव्हीडी राइटर हवा. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये तो नसतोच. यूएसबीचा बाहेरचा राइटर मिळतो. तो थेट लॅपटॉपला जोडा, हबमधून नको. वीज कमी पडली की डिस्क अर्ध्यात बिघडते.

सॉफ्टवेअर म्हणून मी डीव्हीडीस्टायलर सुचवेन. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि रूपांतर, मेनू व डिस्क ही तिन्ही कामं एकाच खिडकीत करतं. आतून रूपांतराचं खरं काम करतो तो एफएफएमपेग, त्यामुळे एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही असं जवळपास काहीही त्याला चालतं. लिनक्सवाल्यांना देवेदे एनजीही आवडेल. त्यात व्हीसीडीसुद्धा बनवता येते. सोबत व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर हवाच, तपासणीसाठी. डिस्क राइट करायला विंडोजवर इमगबर्न आणि लिनक्सवर केथ्रीबी किंवा ब्रासेरो. सगळं फुकट. ही सॉफ्टवेअर त्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या आणि इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत सुटू नका. मध्येच एखादा पाहुणा प्रोग्रॅम आत येऊ पाहतो, त्याची खूण काढून टाका.

हँडब्रेकचं नाव बरेच जण सुचवतात. हँडब्रेक उत्तम आहे, पण त्याचा प्रवास उलटा: डिस्क किंवा फाइल घेऊन तो एमपी४ किंवा एमकेव्ही बनवतो, डीव्हीडी बनवत नाही. आपल्याला तो पुढे एका दुरुस्तीसाठी लागेल.

संगणकाच्या हार्ड डिस्कवर किमान १५ जीबी जागा मोकळी ठेवा. रूपांतरित चित्र, मग डीव्हीडीचं फोल्डर, मग आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत), असे एकाच मालाचे तीन साठे काही काळ शेजारी शेजारी पडून असतात.

मूळ फाइल मिळवताना एक पथ्य पाळा. लग्नाचे तुकडे नातेवाइकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवणार असाल, तर त्यांना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साध्या पद्धतीनं आलेला व्हिडिओ आधीच चेपलेला असतो, आणि तो डीव्हीडीवर टाकून काही सुधारत नाही.

लांबीचा हिशेब

सगळ्यात जास्त डिस्क वाया जातात त्या इथे, म्हणून जरा थांबून वाचा.

डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं. हा आकडा ४७० कोटी बाइटचा. संगणक तोच आकडा ४.३८ जीबी म्हणून दाखवतो. कुणी फसवलेलं नाही, मोजण्याची रीत वेगळी. आता या जागेत किती मिनिटं बसवायची त्यावर चित्राचा दर्जा ठरतो. दर सेकंदाला चित्राला जितके किलोबिट मिळतात तो बिटरेट. हिशेब सोपा आहे: ६,००,००० ला मिनिटांनी भागा. येतो तो चित्र आणि आवाज मिळून बिटरेट, थोडी जागा हाताशी ठेवून.

७५ मिनिटांचा कार्यक्रम: ८,०००. उत्तम. ९० मिनिटं: सुमारे ६,७००. १२० मिनिटं: ५,०००, ठीक. १८० मिनिटं: साधारण ३,३००, आणि त्यातले दोनेकशे आवाजाला गेले की नाचाच्या वरातीत चौकोनी ठिपके दिसायला लागतात. नियमाप्रमाणे चित्राला ९,८०० पर्यंत मुभा आहे, पण घरी राइट केलेल्या डिस्कवर ८,०००च्या वर जाऊ नका. जुने प्लेअर तेवढ्या वेगानं वाचताना अडखळतात.

म्हणून तीन तासांचं लग्न एका डिस्कवर कोंबण्यापेक्षा दोन डिस्क करा. पहिलीवर साखरपुडा, हळद आणि सीमांतपूजन. दुसरीवर लग्न आणि वरात. कुणी मध्येच डिस्क बदलायला उठावं लागतं म्हणून कुरकुर करेल, पण मंगलाष्टकांच्या वेळी नवरीचा चेहरा चेहऱ्यासारखा दिसेल. ८.५ जीबीच्या दुहेरी थराच्या डिस्क मिळतात, पण त्या महाग, आणि एका थरावरून दुसऱ्यावर जाताना जुने प्लेअर अडकतात. कीर्तन किंवा व्याख्यानाचं चित्रीकरण असेल, म्हणजे माणूस एका जागी उभा आणि मागचा पडदा स्थिर, तर तीन तास एका डिस्कवर खपून जातात. चित्रात हालचाल किती, त्यावर सगळं अवलंबून आहे.

पॅल की एनटीएससी?

भारताची टीव्ही पद्धत पॅल: सेकंदाला २५ चित्रं, ५७६ ओळी. अमेरिका, कॅनडा आणि जपानची एनटीएससी: सेकंदाला २९.९७ चित्रं, ४८० ओळी. मग भारतात पॅल घ्यावी हे सरळच, असं वाटतं. तसं ते सरळ नाही.

मोबाइल सहसा सेकंदाला ३० चित्रं टिपतो. त्याची पॅल डिस्क केली की दर सेकंदाला पाच चित्रं गाळली जातात, आणि कॅमेरा मांडवावरून आडवा फिरतो तेव्हा चित्र बारीक झटके देतं. भारतात विकले गेलेले बहुतेक प्लेअर एनटीएससी डिस्कही बिनतक्रार चालवतात. तेव्हा मोबाइलच्या चित्रीकरणाला मी एनटीएससी निवडतो. थोड्या ओळी कमी झाल्या तरी चाल गुळगुळीत राहते. याउलट लग्नाच्या व्यावसायिक छायाचित्रकाराचं काम बऱ्याचदा २५ किंवा ५० चित्रांवर असतं; त्याला पॅलच योग्य. कोणतं आहे हे ओळखायला फाइल व्हीएलसीमध्ये उघडा आणि कंट्रोल व जे ही बटणं एकत्र दाबा. ‘फ्रेम रेट’समोर आकडा दिसेल.

डिस्क न्यू जर्सीच्या आत्याला पाठवायची असेल तर प्रश्नच नाही, एनटीएससी. तिकडचे बरेच प्लेअर पॅल डिस्क घेतच नाहीत. विभागाच्या सांकेतिक क्रमांकाची, म्हणजे भारत ५ आणि अमेरिका १ वगैरेची, काळजी नको. तो अडसर विकत मिळणाऱ्या सिनेमांच्या डिस्कना असतो, घरच्या डिस्कला नाही.

आता प्रत्यक्ष काम

१. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये आणा आणि त्यांना इंग्रजी अक्षरांत साधी, छोटी नावं द्या. फोल्डरचा मार्गही छोटा ठेवा. देवनागरी नावं, अवतरणचिन्हं, मोकळ्या जागा यांनी असली सॉफ्टवेअर कधी कधी बिथरतात.

२. डीव्हीडीस्टायलर उघडा. पहिल्याच खिडकीत ते डिस्कचं नाव, क्षमता, बिटरेट, पॅल की एनटीएससी, चित्राचं प्रमाण आणि आवाजाची पद्धत विचारतं. क्षमता ४.७ जीबी. बिटरेट ‘ऑटो’ ठेवा. वरचा हिशेब सॉफ्टवेअर स्वतः करतं, तो तुम्हाला माहीत असायला हवा तो डिस्क किती करायच्या हे ठरवण्यासाठी. प्रमाण १६:९, आवाज एसी३. एमपी२ आवाज पॅल प्लेअरना चालतो, पण एसी३ सगळीकडे चालतो. मोबाइलचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झचा असला तरी डीव्हीडीला लागणारे ४८ किलोहर्ट्झ सॉफ्टवेअर आपणहून करून घेतं.

३. पुढे मेनूचे नमुने येतात. एकच कार्यक्रम असेल तर मेनू नकोच: ‘नो टेम्प्लेट’ घ्या आणि खालच्या पट्टीतला रिकामा मेनू काढून टाका. डिस्क टाकली की चित्र सुरू. आजोबांसाठी हाच सर्वोत्तम मेनू.

४. फाइली खालच्या पट्टीत ओढून टाका, कार्यक्रमाच्या क्रमानं. प्रत्येक फाइल एक शीर्षक बनते. उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. तिथे प्रकरणं ठरवता येतात. दर पाच किंवा दहा मिनिटांनी एक टाका, म्हणजे रिमोटवरच्या पुढच्या बटणानं उडी मारता येते. तिथेच ‘पोस्ट कमांड’ असते, म्हणजे शीर्षक संपल्यावर काय करायचं ते. मेनू ठेवला असेल तर मेनूकडे परत जाण्याची आज्ञा निवडा.

जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं ४:३ प्रमाणाचं चित्रीकरण आणि मोबाइलचं १६:९ एकाच डिस्कवर घ्यायचं असेल, तर दोन्ही वेगवेगळ्या ‘टायटलसेट’मध्ये ठेवा. एका संचात एकच प्रमाण चालतं. हे विसरलं की हळदीला सगळे पाहुणे लठ्ठ दिसतात.

५. मेनू ठेवला असेल तर बटणाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ते कोणत्या शीर्षकावर उडी मारतं ते तपासा. बटणं कडेला चिकटवू नका. पेटी-टीव्ही चित्राच्या चारी कडा थोड्या कापतो आणि ‘वरात’चं नुसतं ‘रात’ उरतं.

६. ‘बर्न’ दाबा. इथे तीन पर्याय दिसतात: नुसतं फोल्डर बनवा, आयएसओ इमेज बनवा, किंवा थेट डिस्कवर राइट करा. थेट डिस्कचा मोह टाळा. आयएसओ बनवा. डिस्कवर जे जायचं ते सगळं त्या एका फाइलमध्ये येतं, चूक सापडली तर डिस्क वाया जात नाही, आणि पुढे कितीही प्रती काढता येतात. संगणक जुना असेल तर दोन तासांच्या चित्रीकरणाला बराच वेळ लागेल. रात्री लावून झोपा, आणि लॅपटॉप आपोआप झोपणार नाही ही सेटिंग बघून मग झोपा.

मराठी अक्षरांचं काय?

मेनूवर ‘सीमांतपूजन’ लिहायचं तर थेट डीव्हीडीस्टायलरमध्ये टाइप करण्यापेक्षा वेगळा रस्ता बरा. जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी बसतील याची खात्री अशा जुन्या धाटणीच्या सॉफ्टवेअरमध्ये कधीच देता येत नाही. लिब्रेऑफिस ड्रॉ, इंकस्केप किंवा गिंपमध्ये १६:९ प्रमाणाचं चित्र बनवा, त्यावर मजकूर लिहा, जेपेग म्हणून जतन करा आणि तेच मेनूची पार्श्वभूमी म्हणून लावा. वर ठेवायला नुसता बाण किंवा चौकट असलेली बटणं पुरतात. अक्षरं मोठी आणि जाड हवीत. ५७६ ओळींत बारीक मात्रा आणि अनुस्वार विरून जातात. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्ता’ हा फाँट फुकट आहे आणि त्याचं जाड वजन पडद्यावर छान वाचता येतं.

सबटायटलचंही तेच. डीव्हीडीवरची सबटायटलं म्हणजे चार रंगांतली छोटी चित्रं असतात, मजकूर नव्हे. मराठी सबटायटलं हवी असतील तर हँडब्रेकमध्ये एसआरटी, म्हणजे सबटायटलांच्या मजकुराची, फाइल देऊन ‘बर्न इन’ची खूण करा, म्हणजे अक्षरं चित्रातच छापली जातात, आणि मग ती नवी फाइल डीव्हीडीस्टायलरला द्या. ती नंतर रिमोटनं बंद करता येणार नाहीत, एवढी किंमत मोजावी लागते.

राइट करण्यापूर्वी

आयएसओ फाइल व्हीएलसीमध्ये उघडा. मेनूचं प्रत्येक बटण दाबून पाहा. प्रत्येक शीर्षकाचा शेवट पाहा. सुरुवात सगळेच पाहतात. ओठ आणि आवाज जुळतायत का ते खास करून शेवटाकडे तपासा. मोबाइल प्रकाश कमी झाला की चित्रांचा वेग मध्येच बदलतो, त्यामुळे पहिल्या मिनिटाला जुळलेला आवाज चाळिसाव्या मिनिटाला भटजींच्या ओठांपुढे धावत असतो. तसं झालं तर मूळ फाइल हँडब्रेकमधून एकदा काढा, ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून, आणि ३० चा आकडा नेमून. मग ती फाइल घेऊन पुन्हा डीव्हीडीस्टायलर.

उभं धरून घेतलेलं चित्रीकरण दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या घेऊन येईल. त्याला इलाज नाही. फार खटकत असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मागे तेच चित्र धूसर करून भरता येतं.

ही आयएसओ दुसऱ्या संगणकावर न्यायची असेल आणि पेन ड्राइव्ह ‘फाइल खूप मोठी आहे’ म्हणून नकार देत असेल, तर तो फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा; आतला माल आधी बाहेर काढून, हे सांगायला नकोच.

डिस्क

जुन्या प्लेअरसाठी ‘डीव्हीडी-आर’, म्हणजे वजा चिन्हाची, घ्या. पुन्हा पुन्हा वापरायची आरडब्ल्यू डिस्क प्रकाश कमी परावर्तित करते आणि बऱ्याच जुन्या प्लेअरना ती दिसतच नाही. एकेकाळी नोएडाच्या मोझर बेअरच्या डिस्क कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायच्या. ती कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली. आता जे मिळेल त्यात नावाजलेली कंपनी पाहा आणि सुट्या, कागदी पाकिटातल्या बिननावाच्या डिस्क टाळा.

विंडोजमध्ये आयएसओवर उजवं क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’ निवडलं की काम होतं. विंडोज ११ मध्ये त्यासाठी आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबावं लागतं. ‘व्हेरिफाय’ची खूण जरूर करा. पण तिथे वेग ठरवता येत नाही, म्हणून मी इमगबर्न वापरतो. त्यात ‘राइट इमेज फाइल टू डिस्क’ निवडा आणि वेग ४ किंवा ८ पट ठेवा. १६ पटीनं पाच-सात मिनिटं वाचतात, पण थकलेल्या लेन्सच्या प्लेअरला सावकाश राइट केलेली डिस्क सहसा बरी वाचता येते. राइट होत असताना त्याच लॅपटॉपवर दुसरं जड काम नको, आणि राइटर हलवू नका.

पहिली प्रत ज्या प्लेअरसाठी केली त्याच प्लेअरवर लावून पाहा, निदान मधली आणि शेवटची दहा मिनिटं. चित्र पहिल्या काही मिनिटांत थबकत असेल तर बिटरेट ६,०००पर्यंत खाली आणा. डिस्कच्या शेवटाकडे, म्हणजे बाहेरच्या कडेला, थबकत असेल तर डिस्क किंवा वेग बदला. माणसं लांबट दिसत असतील तर डिस्कला हात न लावता प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्हीचा आकार ‘४:३ लेटरबॉक्स’ किंवा ‘१६:९’ करा.

नाव लिहायला सीडीसाठीचा खास मार्कर वापरा. कागदी स्टिकर चिकटवू नका. उन्हापावसात तो फुगतो, डिस्कचा तोल जातो आणि काही प्लेअरमध्ये ती अडकून बसते. कोकणात तर डिस्क प्लास्टिकच्या डबीत, उभी, कपाटात ठेवा. आणि आयएसओसोबत मूळ एमपी४ फाइलीही एखाद्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर जपून ठेवा, कारण डीव्हीडीवर गेलेल्या चित्रातून मूळचं १०८० ओळींचं चित्र परत काढता येत नाही.